च्यायला, सॉरी आणि बंब

आपल्याला मेंदू आहे, ही गोष्ट मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी पटली. तोपर्यंत या विषयावर घरात आणि घराबाहेर दोन मतं होती. शाळेतल्या गुरुजींनी आपलं मत प्रगतिपुस्तकात लेखी नोंदवलं होतं. सौ. गेली पंचेचाळीस वर्षं तेच मत तोंडी देत आली आहे. पण मध्यंतरी आमच्या पुतणीने पुराव्यानिशी सिद्ध केलं, की काकांना मेंदू आहे, तो चालतो, आणि वेळप्रसंगी अडतोसुद्धा.

ही पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. ती पुण्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. मानसशास्त्र शिकलेलं माणूस समोर आलं की मी आपोआप सरळ बसतो आणि पोट आत घेतो. मन नेमकं कुठे असतं याची आमच्या पिढीला खात्री नसल्यामुळे आम्ही दिसेल तो भाग आत घेतो.

"काका, एक खेळ खेळायचा," ती म्हणाली. "या कागदावर शब्द आहेत. शब्द वाचायचा नाही. तो कुठल्या रंगात छापलाय तेवढं भराभर सांगायचं."

हा खेळ जुना आहे. जॉन रिडली स्ट्रूप नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९३५ साली तो प्रसिद्ध केला. त्याने 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापला आणि लोकांना शाईचा रंग विचारला. भलेभले अडखळले, कारण वाचू नको म्हटलं तरी वाचता येणारा माणूस वाचतोच. पुढच्या लोकांनी या खेळात आणखी खोडसाळपणा केला. रंगांची नावं काढून टाकली आणि त्या जागी साधे शब्द, आणि त्यांच्या अधूनमधून मनाला लागणारे शब्द घातले. साध्या शब्दांचा रंग माणूस झटकन सांगतो, लागणाऱ्या शब्दाशी त्याची जीभ किंचित रेंगाळते. किंचित म्हणजे सेकंदाचा बारीकसा तुकडा. पण यंत्राला तो सापडतो.

मी सुरुवात केली. खुर्ची - लाल. पेन्सिल - पिवळा. खिडकी - निळा. चमचा - हिरवा. गाडी छान चालली होती. मधेच 'कर्ज' आलं, 'मरण' आलं. या वयात दोन्ही जवळचे विषय; तरी मी त्यांना पिवळा आणि लाल म्हणून वाटेला लावलं. आणि मग हिरव्या शाईत एक शब्द आला : बंब.

मी थांबलो. सेकंदाचा तुकडा वगैरे काही नाही, स्वयंपाकघरातून सौ.ने "झोपले का?" असं विचारण्याइतका थांबलो. पुतणी घड्याळाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"हिरवा," मी म्हणालो.

"हो, हिरवा," ती म्हणाली, आणि तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. खेळ संपला होता. मानसशास्त्र शिकलेल्या माणसांशी खेळू नये ते यासाठी.

आता बंबाचं सांगितलं पाहिजे.

आमच्या मिरजेच्या घरी तांब्याचा एक बंब होता. खाली राखेची जाळी, मधे निखाऱ्यांचं नळकांडं, भोवती पाणी, आणि पुढे एक गळकी तोटी. आम्हां भावंडांचं सगळं बालपण त्याच्या धुराने डोळे चोळण्यात गेलं. नारळाच्या शेंड्या, जळकं लाकूड, रद्दी, माझी नापासाची उत्तरपत्रिका, सगळं त्याने मुकाट्याने पोटात घेतलं. पुढे मी नोकरीसाठी पुण्याला आलो. दादा मिरजेतच राहिला. आई त्याच्याकडे होती. शेवटची अकरा वर्षं म्हाताऱ्या आईचं सगळं त्याने आणि वहिनीने केलं, आणि मी पुण्याहून दर महिन्याला पैसे आणि दर दिवाळीला सल्ले पाठवत राहिलो. आई गेली. त्यानंतरच्या दिवाळीत, म्हणजे २०१८ साली, मी मिरजेला गेलो आणि बघतो तर न्हाणीघरात बंबाच्या जागी प्लास्टिकची बादली. दादाने बंब मोडीत विकला होता.

मी बंब शेवटचा कधी तापवला होता असं कोणी विचारलं असतं तर मला साल सांगता आलं नसतं. पण ज्याने एखादी गोष्ट कधी सांभाळली नाही त्याला तिच्याबद्दल फार प्रेम असतं. मी चिडलो. शब्दाने शब्द वाढला, आणि भर चिवड्याच्या ताटावर मी दादाला म्हणालो, "तुझ्या हातात असतं तर तू आईलाही मोडीत काढलं असतंस."

दादा काही बोलला नाही. त्याने ताटातला बेदाणा उचलला, बघितला, आणि परत ठेवला.

पुण्याला आल्यावर दोन दिवसांनी मी फोन केला. इकडचं तिकडचं झालं, पावसाची चौकशी झाली (दिवाळीनंतर!), आणि फोन ठेवता ठेवता मी म्हणालो, "दादा, त्या दिवशीचं... सॉरी हां." तिकडून आवाज आला, "ओके." आयुष्यात एकमेकांशी इंग्रजीचं एक अक्षर न बोललेल्या दोन भावांचा हा पहिला इंग्रजी संवाद. सॉरी आणि ओके. प्रकरण फाइल झालं. मिटलं म्हणत नाही, फाइल झालं.

२०२२ साली दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. डाव्या मेंदूला मार बसला की शरीराची उजवी बाजू जाते, आणि बहुतेक माणसांचं बोलण्याचं दुकान डावीकडेच असल्यामुळे तेही बंद होतं. याला वाचाघात म्हणतात. मी दवाखान्यात गेलो तेव्हा दादा खाटेवर टेकून बसला होता. त्याने मला ओळखलं. तोंड उघडलं, ओठ हलवले, कपाळावर घाम आला, शब्द काही येईना. आणि शेवटी, सगळा जोर लावून, वॉर्डभर ऐकू जाईल अशा स्पष्ट, खणखणीत, निर्दोष उच्चारात तो म्हणाला, "च्यायला!"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले.

दादा मोठा सभ्य माणूस. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून मी हा शब्द फारतर क्रिकेटच्या कॉमेंटरीच्या वेळी ऐकला असेल. आणि आता त्याच्याजवळ तेवढाच उरला होता. पाणी हवं - च्यायला. दिवा घालवा - च्यायला. डॉक्टर आले - च्यायला. वहिनी बिचारी येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागून थकली. भेटायला आलेले मंदिराचे विश्वस्त तर प्रसाद टेबलावर ठेवून पाठमोरे न होता मागच्या मागे गेले. या शब्दाची फोड करून सांगण्याची ही जागा नव्हे. पण त्यात कुठेतरी आई आहे एवढं खरं.

मग पुतणीने मला समजावून सांगितलं, की हे नवीन नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. बुटांचे लाकडी साचे करणारा कारागीर. तिशीच्या सुमाराला त्याची वाचा गेली, आणि उरली फक्त एक अक्षरजोडी : 'तां'. काहीही विचारा, उत्तर "तां, तां". त्यामुळे रुग्णालयात त्याचं नावच तां पडलं. १८६१ साली तो वारला तेव्हा पॉल ब्रोका नावाच्या सर्जनने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड दाखवला, आणि बोलणं मेंदूत कुठे राहतं याचा पहिला भक्कम पत्ता जगाला मिळाला. त्या भागाला आजही ब्रोकाचंच नाव आहे. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती ब्रोकाने प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. त्या माणसाचं म्हणणं समोरच्याला कळेना झालं की तो संतापायचा, आणि संतापला की त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक अस्सल फ्रेंच शिवी बाहेर पडायची. एरवी 'तां'च्या पुढे न जाणारा माणूस शिवीपुरता पुरा बोलका!

त्याच शतकातल्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने यावर बराच विचार केला. त्याचं म्हणणं असं, की बोलणं दोन प्रकारचं असतं. एक, आपण जुळवून बोलतो ते : 'उद्या सकाळी दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांग.' दुसरं, आपोआप बाहेर पडतं ते : शिव्या, 'अरे देवा', 'हो-नाही', वार, अंक, पाठ झालेल्या प्रार्थना. पहिलं दुकान जळलं तरी दुसऱ्या दुकानाला आच लागेलच असं नाही. म्हणून तर वाचा गेलेले कित्येक लोक शब्दांसकट गाणं म्हणू शकतात, आणि गाण्याच्या वाटेने बोलणं परत आणण्याची एक उपचारपद्धत १९७३ साली अमेरिकेत निघाली, ती आजही वापरतात. दादाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं; पण गणपतीत त्याने आख्खी आरती म्हटली, आणि आरती संपल्यावर तहान लागली म्हणून खूण केली.

हे सगळं ऐकल्यावर मला प्रथम काय वाटलं असेल, तर हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू? दादाचं 'च्यायला' हे दादाचं नव्हतं. ते त्याच्या मनात नव्हतं. ते मेंदूच्या कुठल्याशा खालच्या मजल्यावरून आपलं आपण निसटत होतं. विश्वस्तांनी ते मनावर घेण्याचं कारण नव्हतं. आणि हे जर खरं असेल, तर त्या दिवाळीत मी जे बोललो तेही कशावरून माझं होतं?

पुतणीने मला मेंदूतल्या बदामाचंही सांगितलं होतं. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आतल्या अंगाला एकेक छोटा भाग असतो. त्याचं नाव अमिग्डला. ग्रीकमध्ये याचा अर्थ बदाम, आकारावरून ठेवलेलं. भीती, धोका, महत्त्वाचं काही, याची पहिली घंटा वाजवण्यात त्याचा मोठा हात. शब्दांवरही त्याचा डोळा असतो. पडद्यावर शब्द झपाझप दाखवले तर एका शब्दाकडे लक्ष देताना त्याच्या पाठोपाठ आलेला दुसरा शब्द आपल्याला दिसतच नाही. पण तो दुसरा शब्द जर झोंबणारा असेल, तर गर्दीतून वाट काढून तो दिसतोच. हा अमिग्डला ज्यांचा बिघडलेला आहे त्यांच्या बाबतीत झोंबणाऱ्या शब्दाला ही सवलत मिळत नाही, असं २००१ साली एका प्रयोगात दिसून आलं. आणि डोक्याला तारा लावून पाहिलं, तर साधा शब्द आणि लागणारा शब्द यांतला फरक मेंदू शब्द दिसल्यापासून पाव सेकंदाच्या आसपास करून मोकळा होतो. पाव सेकंद! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढ्या वेळात सेक्रेटरीचा घसासुद्धा खाकरून होत नाही.

तेव्हा मी मनातल्या मनात वकीलपत्र तयार केलं : न्हाणीघरात प्लास्टिकची बादली दिसली, पाव सेकंदात बदाम पेटला, आणि बोलला तो बदाम. मी नव्हतोच. मी त्या वेळी चिवडा खात होतो.

वकीलपत्र मला इतकं आवडलं की मी ते सौ.ला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "काय बोलला होतात तुम्ही, ते परत म्हणा बघू."

मी म्हटलं, "तुझ्या हातात असतं तर तू आईलाही मोडीत काढलं असतंस."

"यात 'ही' आहे," ती म्हणाली. सौ. निवृत्त मराठीची शिक्षिका आहे, हे सांगायचं राहिलंच. "आईलाही. आणि 'असतं तर - असतंस' हा संकेतार्थ आहे. चौथीच्या पोरांना तो जमत नाही. तुमचा बदाम बराच शिकलेला दिसतो."

या एका वाक्याने माझा खटला उडाला. कारण ती म्हणते ते शास्त्राला धरूनच होतं. दादाला जे येत होतं ते 'च्यायला'. त्याला जे येत नव्हतं ते नेमकं हे : कर्ता, कर्म, प्रत्यय, 'जर' आणि 'तर'. ती जुळवाजुळव डाव्या बाजूचं दुकान उघडं असल्याशिवाय होत नाही. बदाम फारतर घंटा वाजवतो. संकेतार्थ तो चालवत नाही. मी त्या दिवशी नुसतं 'च्यायला' म्हणालो असतो तर ते बदामाच्या खात्यावर टाकता आलं असतं. पण मी वाक्य केलं होतं. कुठे लागेल ते पाहून केलं होतं. 'ही' तर मुद्दाम हातोडीने ठोकावा तसा ठोकला होता. शिवीला आपण असभ्य म्हणतो आणि अशा शुद्ध, व्याकरणशुद्ध वाक्याला म्हणतो 'रागाच्या भरात बोलून गेला'. वास्तविक उलट पाहिजे. बोलून जाते ती शिवी. वाक्य कोणी बोलून जात नाही, ते बसून करावं लागतं, मग बसणं पाव सेकंदाचं का असेना.

शिवीची बाजू घेतोय असं वाटेल, तर घेतोच. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या मंडळींनी २००९ साली विद्यार्थ्यांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावलं. शिवी देत देत हात घातला तर तो सरासरी चाळीसेक सेकंद जास्त वेळ ठेवता आला. या संशोधनाला पुढच्याच वर्षी गमतीच्या नोबेलचं पारितोषिक मिळालं, आणि तेही शांततेचं! म्हणजे शिवी हे देणाऱ्याच्या दुखण्यावरचं औषध आहे. माझं वाक्य तसं नव्हतं. त्याने माझं काही दुखायचं थांबलं नाही, फक्त दादाचं सुरू झालं.

वाक्य माझं ठरल्यावर मग 'सॉरी'चाही हिशेब आला. इथे पुतणीने आणखी एक प्रयोग सांगितला, आणि तो ऐकल्यापासून माझी झोप गेली. बॉस्टनमध्ये २००३ साली तुर्की लोकांवर प्रयोग झाला. मातृभाषा तुर्की, इंग्रजी मागाहून शिकलेले. त्यांच्या बोटांच्या टोकांना तारा लावल्या. मन हललं की बोटांना न कळत घाम सुटतो, तो मोजायचा. मग त्यांना दोन्ही भाषांतून शब्द ऐकवले-दाखवले. त्यात लहानपणी आईबाप रागावताना जे म्हणतात, 'लाज नाही वाटत?', 'चल, खोलीत जा', असलेही बोल होते. इंग्रजीतल्या रागावण्याने घाम फारसा हलला नाही. तेच तुर्कीत ऐकल्यावर, शिकल्यासवरल्या, परदेशात राहिलेल्या मोठ्या माणसांची बोटं ओलसर झाली. शिकलेली भाषा डोक्यात जाते, आईची भाषा कातडीत असते.

मला एकदम उमगलं, की मी 'सॉरी' का म्हणालो होतो. चूल पेटलेली असते, पातेलं तापलेलं असतं, ते उतरवायचं तर असतं पण हात भाजायला नको असतो. मग आपण काय करतो? सांडशी घेतो. 'सॉरी' ही माझी सांडशी होती. 'दादा, चुकलं माझं' एवढे तीन शब्द माझ्या तोंडात तापलेले होते, ते मी इंग्रजीच्या सांडशीने उचलून त्याच्यापुढे ठेवले. आणि त्यानेही 'ओके'च्या सांडशीने ते घेतले. पातेलं इकडून तिकडे गेलं, कोणालाही चटका बसला नाही. आपल्याकडे आता सगळेच असं करतात. बसमध्ये पायावर पाय पडला की सॉरी, आणि बापाशी चार वर्षं अबोला धरल्यावरही सॉरी. शब्द तोच. प्रेमाचंही तेच. बायकोला मराठीत काही सांगायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, आणि इंग्रजीतलं वाक्य वाढदिवसाच्या केकवर साखरेने लिहून मिळतं.

"म्हणजे तुमचा हात भाजायलाच हवा, असं का?" सौ.ने विचारलं. "तुमचा हात भाजला म्हणून भाऊजींचं पोट भरणार आहे?"

प्रश्न रास्त होता. आपण किती शरमिंदे झालो हे दाखवण्यासाठी माफी मागणारे लोक असतात. ते इतकी सुरेख माफी मागतात की शेवटी आपल्यालाच त्यांची समजूत घालावी लागते. मी दोन दिवस या प्रश्नावर विचार केला (निवृत्त माणसाला दोन दिवस म्हणजे काहीच नाही), आणि मला जे सुचलं ते असं. माझ्या हाताचा प्रश्नच नव्हता. दादाला काटा टोचला तो मराठीत, आईच्या भाषेत, आईच्याच नावाने. तो कातडीत होता. माझी सॉरी गेली त्याच्या डोक्यात. डोक्याने तिची पोच दिली, 'ओके'. काटा होता तिथेच राहिला. आपले पूर्वज काट्याने काटा काढायला सांगून गेले. सांडशीने काढा असं कोणी म्हटलेलं नाही.

मी मिरजेला गेलो.

जाताना गाडीत वाक्याची तालीम केली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी दोनदा "काय म्हणालात?" असं विचारल्यावर तालीम मनातल्या मनात केली. पोचल्यावर मात्र रीतसर घाबरलो. पहिल्या दिवशी मी दादाला गव्हाचा भाव सांगितला. पुण्यातल्या रस्त्यांचे खड्डे सांगितले. पोटाची तक्रार सांगितली. तो प्रत्येक गोष्टीला योग्य ते उत्तर देत होता : च्यायला. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक च्यायला वेगळं आहे. गव्हाच्या भावाला हळहळीचं, खड्ड्यांना तुच्छतेचं, माझ्या पोटाला थट्टेचं. बोलण्यातला सूर लावण्याचं आणि ओळखण्याचं बरंचसं काम मेंदूची उजवी बाजू करते, आणि दादाची ती बाजू शाबूत होती. शब्द एक, चाली पन्नास. आम्हां बोलणाऱ्यांचं नेमकं उलट असतं.

दुपारी वहिनी भांडी लावताना सहज म्हणाली, "तुम्हाला बंबाचं फार लागलं होतं ना भाऊजी? आईंना शेवटची तीन वर्षं हेच आंघोळ घालायला न्यायचे. पहाटे उठून बंब पेटवायचे. त्या गेल्यावरही महिनाभर पहाटे उठून पेटवत होते. पाणी तापायचं आणि हे नुसते समोर बसून राहायचे. शेवटी मीच म्हटलं, काढा तो घरातून."

मी कपाटाचं दार उघडं होतं ते बंद केलं. मग उगाच परत उघडलं.

संध्याकाळी दिवेलागण झाली. आमच्या लहानपणी या वेळी वडील आम्हांला ओळीने बसवून परवचा म्हणून घेत. बे एके बे पासून तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, आणि शेवटी रामरक्षा. वहिनीने देवापाशी दिवा लावला, आणि दादा खाटेवर बसल्या बसल्या म्हणू लागला, "बे एके बे, बे दुणे चार..." अगदी सरळ, अडखळ नाही. वहिनी म्हणाली, रोज म्हणतात. मी शेजारी मांडी घालून बसलो आणि बरोबर म्हणायला लागलो. पाच झाले, दहा झाले, बारा झाले. सतराला आलो. सतराचा पाढा ही माझी लहानपणापासूनची खिंड. "सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी," इथवर आलो, आणि सतरा सातेला मी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी अडलो होतो त्याच जागी अडलो.

"एकोणीसासे," दादा म्हणाला.

त्याला तो शब्द मुद्दाम म्हणता आला नसता. 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्याला. पण धाकटा भाऊ सतरा सातेला अडला की त्याला हळूच सांगायचं, हे त्याच्या मेंदूत बोलण्याच्या दुकानापेक्षा कुठेतरी जुन्या जागी ठेवलेलं असावं.

तालीम केलेलं वाक्य मी विसरलो. मी म्हणालो, "दादा, बंबाच्या वेळी आईवरून बोललो ते चुकलं माझं." आवाज भलताच निघाला. हातांना घाम सुटला होता. तारा लावायची गरज नव्हती.

दादाने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, काही तरी जुळवायचा त्याने बराच वेळ प्रयत्न केला. मग दमला आणि म्हणाला, "च्यायला."

त्याची चाल मी नीट ऐकली. पन्नासांतली ती कुठली, हे मला सांगता येणार नाही. रागाची नव्हती एवढं नक्की. पण माफीची होती असं मी म्हणालो तर ते माझ्या सोयीचं होईल, आणि सोयीची वाक्यं करण्यात मी किती हुशार आहे ते वर सांगितलंच आहे. त्याने डावा हात उचलला आणि मला डोक्यात एक टप्पल मारली. ती आईच्या वाक्याबद्दल होती की सतरा सातेबद्दल, तेही कळायला मार्ग नाही. गुन्हे दोन होते, टप्पल एकच मिळाली.

"काय झालं?" वहिनीने आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, "सतराला अडलो."

दादाने खूण केली, पुढे म्हण. मी "सतरा आठे" म्हणून थांबलो, कारण तेही मला येत नव्हतं.